मोजणीच्या बाई

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागे जी वस्ती होती, तिथे त्यांना सगळे मोजणीच्या बाई म्हणत. आमचे अप्पा तर बरेच दिवस समजत होते की त्या जमीन मोजणाऱ्या खात्यात आहेत. खरं तर त्या मोजत होत्या मुलं. तीन ते सहा वर्षांची, उशिरा चालणारी, उशिरा बोलणारी, हाक मारली तर न बघणारी मुलं. पुण्याच्या एका संस्थेने त्यांना सोलापूरला पाठवलं होतं. अशा लहान मुलांसाठी खेळावर आधारलेला खास वर्ग चालवला तर ती सुधारतात का, हे त्यांनी अभ्यासून दाखवायचं होतं.

आमच्या माडीवरची खोली रिकामी होती, ती बघायला त्या आल्या. पन्नाशीच्या, उंच, जाड भिंगाचा चष्मा, काठी म्हणून चालेल एवढी मोठी काळी छत्री. अप्पांचं धान्याचं दुकान. माणूस पारखून घ्यायची त्यांना सवय. त्यांनी लग्न, जात, खाणंपिणं असं एकेक विचारायला सुरुवात केली. बाईंनी पहिलं उत्तर दिलं आणि म्हणाल्या, आता माझी पाळी. एक प्रश्न तुमचा, एक माझा. खोटं कुणी बोलायचं नाही. सांगायचं नसेल तर नुसतं 'पुढे' म्हणायचं.

अप्पांना हे नवीन होतं, पण बाईमाणसासमोर मागे कसं सरायचं म्हणून ते हो म्हणाले. बाईंनी विचारलं, "तुम्ही शेवटचे कधी रडलात?"

 अप्पा 'पुढे' म्हणाले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, कन्नडमध्ये उत्तर दिलं. आमच्या घरात कन्नडच बोलत. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मराठीत सांगितलं, "म्हैस मेली तेव्हा, असं म्हणतेय."

बाई हसल्या नाहीत. कुठली म्हैस, किती दूध द्यायची, हे त्यांनी अव्वाला नीट विचारून घेतलं. मग मला म्हणाल्या, "तुला दोन्ही भाषा येतात. काय करतेस?" मी बी.ए. होऊन घरी बसले होते. खोली त्यांना मिळाली आणि नोकरी मला.

दुसऱ्याच दिवशी त्या अव्वासमोर बसून कन्नडमधल्या शिव्या शिकल्या. त्यांचं म्हणणं असं, की कुठल्याही भाषेत आधी शिव्या कळल्या पाहिजेत. म्हणजे दारात उभं राहिल्यावर लोक आपल्याला काय म्हणताहेत ते समजतं आणि वेळेवर परत फिरता येतं. तेलुगूतल्या शिव्या त्यांना विड्या वळणाऱ्या बायकांनी शिकवल्या, दखनी उर्दूतल्या टांगेवाल्याने. अव्वाने त्यानंतर बाईंकडे भाडं पुन्हापुन्हा मागायचं सोडून दिलं.

त्या वस्तीत जायच्या त्या वही-पेन पिशवीत दडवून. तो काळच तसा होता. वही-पेन घेऊन कुणी बाई गल्लीत शिरली की कुटुंबनियोजनाची आली असं समजून दारं लागायची. बाई कुणाच्याही घरात एक अक्षर लिहीत नसत. गप्पा मारायच्या, मुलाशी खेळायच्या, वाढलं तर जेवायच्या आणि मग परतताना रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसून, छत्री उघडून, सगळं लिहून काढायच्या. मी शेजारी उभी. कचऱ्याचे ट्रक जायचे, सुताच्या गाठोड्यांच्या सायकली जायच्या, बाईंचं लिहिणं चालूच. एखादी गोष्ट आठवेना झाली तर उठून परत त्या घरी जायच्या आणि सरळ सांगायच्या की विसरले, पुन्हा सांगा.

पुण्याहून एक पेटी आली होती. तिच्यातली चित्रं दाखवून मुलांची बुद्धी मोजायची. चित्रं कुठल्या तरी परदेशी पुस्तकावरून काढलेली. एका चित्रात पांढऱ्या लांबट टबात बसून एक मूल आंघोळ करतंय. वस्तीतल्या एका मुलीने ते बघितलं आणि घाबरून म्हणाली, "बैलाच्या हौदात पोरगं पडलंय, काडा की त्याला." पेटीसोबत आलेल्या नियमांप्रमाणे हे उत्तर चूक. बाईंनी त्या रात्री माडीवर येरझाऱ्या घातल्या. सकाळी मला म्हणाल्या की जी मुलगी पडलेल्याला बाहेर काढायला सांगते तिला मी शून्य देणार नाही. तेव्हापासून त्या प्रत्येक मुलाला दोन वेळा गुण द्यायच्या, एकदा पुण्याचे, एकदा स्वतःचे. आणि सुताराकडून दुसरी पेटी करून घेतली. तिच्यात लोटा, चप्पल, मागावरची कांडी, शेळीच्या गळ्यातली घंटा असल्या वस्तू होत्या.

वेळेचंही तसंच. पुण्याचा नियम होता की दोनदा बोलावून आई आली नाही तर त्या मुलाचं नाव अभ्यासातून काढायचं. बाईंनी हा नियम मला वाचून दाखवला आणि विचारलं की यंत्रमागावर पाळी करणारी बाई सकाळी अकराला कशी येईल.  मग आम्हीच पाळी सुटायच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहायला लागलो. बाया घरी निघाल्या की त्यांच्याबरोबर चालायचं. चालता चालता अर्धं काम व्हायचं.

हौसाबाई तिथेच भेटली. मंगळवेढ्याकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. दुष्काळात कळप गेला आणि नवरा-बायको पोटासाठी सोलापुरात आली. नवरा टॉवेलांच्या गठ्ठ्यांची हमाली करायचा, ती कारखान्यात सूत गुंडाळायची. बिरू तिचा एकुलता एक मुलगा, चार वर्षांचा. बाळपणी मोठा ताप आला होता, त्यानंतर तो मागे पडला. चालायचा, पण धडपडत. बोलायचा नाही. पेला हातात दिला तर सांडायचा, म्हणून हौसाबाई अजून त्याला चमच्याने पाणी पाजायची.

बाईंचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून जमलं. हौसाबाई प्रश्नाला प्रश्न विचारायला मुळीच लाजायची नाही. लग्न का न्हाय केलं, एवढी मोठी छत्री कशाला, पुण्यात घर हाय का, सगळं तिने विचारलं आणि बाईंनी सगळ्याची खरी उत्तरं दिली. लग्नाचं उत्तर मला आठवतं. बाई म्हणाल्या होत्या की ज्याच्याशी करायचं होतं त्याने विचारलं नाही, आणि मीही नाही.

अशा दोन भेटी झाल्या. तिसऱ्या वेळी बाईंनी बिरूकडून वस्तू ओळखून घेतल्या, त्याची उंची बघितली, चालणं बघितलं. मग नेहमीप्रमाणे म्हणाल्या, आता तुझा प्रश्न. हौसाबाई चूल पेटवत होती. मागे न वळता तिने विचारलं, "बाई, माज्या पोराला असं मोजून मोजून तुमी त्याच्यासाटी काय करनार?"

इथे मला त्या अभ्यासाची रचना सांगितली पाहिजे. मुलांचे दोन गट होते. एका गटाला वर्षभर खेळाचा वर्ग मिळणार. दुसऱ्या गटाला काही नाही, त्यांना फक्त वर्षातून तीनदा मोजायचं. शेवटी दोन गटांतला फरक दिसला की वर्गाचा उपयोग सिद्ध झाला. आणि वर्गासाठी कुणाला घ्यायचं ते पुण्याने आधीच ठरवलं होतं. शहरातल्या चांगल्या पेठांमधली मुलं, कारण त्यांच्या आया शिकलेल्या, वेळेवर आणून सोडणाऱ्या. वस्तीतली सगळी मुलं दुसऱ्या गटात. मला हे कधी खटकलं नव्हतं. कागदावर ते अगदी साधं दिसत होतं.

बाईंनी 'पुढे' म्हटलं असतं तर चाललं असतं. नियमात ते बसत होतं. त्यांनी बिरूकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्याच्यासाठी काही नाही."

हौसाबाई वळली. "म्हंजी दुसऱ्याच्या पोरांचं भलं हुयाला माजं पोरगं मोजताय व्हय?"

"होय," बाई म्हणाल्या.

हौसाबाई चिडली नाही. तिने चुलीवरचा चहा आम्हाला दिला. बाईंनी तो घेतला आणि आम्ही निघालो. मोरीवर त्या थांबल्या नाहीत, लिहिलं नाही.  जिन्यात मला म्हणाल्या की उद्यापासून काम बंद. मी विचारलं, किती दिवस? त्या म्हणाल्या, "तिला दुसरं उत्तर देता येईपर्यंत."

आठवड्याभरात पुण्याहून संस्थेचे प्रमुख आले. त्यांना सगळे सर म्हणत. मला वाटलं होतं की कुणी तरी रागीट माणूस येईल, तर हे हळू बोलणारे, नीटनेटके, आमच्या अव्वाने केलेल्या शेंगाच्या चटणीचं मनापासून कौतुक करणारे गृहस्थ. माडीवर दोघांचं बोलणं झालं. सर समजावून सांगत होते की गट ठरले आहेत, पेठेतल्या पालकांना शब्द दिला आहे, आणि वस्तीतली मुलं वर्गात नियमित येणार नाहीत. अभ्यास बिघडला तर पुढच्या कुठल्याच मुलाला काही मिळणार नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बाई ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या की हे सगळं तुम्ही मला सांगू नका, हौसाबाईला सांगा.

सर वस्तीत हौसाबाईच्या घरी आले. पँटची घडी सांभाळत खाली बसले. त्यांनी हौसाबाईला सगळं सोपं करून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मंग कुनाला द्यायचं आनि कुनाला न्हाय, हे ठरवलं कुनी?"

"आम्ही," सर म्हणाले.

"आमाला इचारलं का?"

सरांनी चष्मा काढून पुसला. परत येताना बाईंनी त्यांच्या डोक्यावर छत्री धरली होती, आणि रस्ताभर त्या बोलत होत्या. पेठेतली आणि वस्तीतली, सगळ्या मुलांची नावं एका मडक्यात टाकू. सगळ्या आयांसमोर चिठ्ठ्या काढू. निघतील त्यांना पहिले सहा महिने वर्ग, उरतील त्यांना पुढचे सहा महिने. कुणीच रिकामं जाणार नाही. आणि तुमच्या शास्त्रालाही हेच बरं. आता तुम्ही सुखवस्तू घरातली मुलं एकीकडे आणि उपाशी दुसरीकडे ठेवली आहेत. फरक दिसला तर तो वर्गाचा की जेवणाचा, हे तुम्हाला ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

सर थांबले. खरंच थांबले, भर उन्हात, ट्रक हॉर्न वाजवत असताना. मग म्हणाले की सहा महिन्यांत फरक दिसणार नाही कदाचित. बाई म्हणाल्या, "नाही दिसला तर नाही दिसला असं लिहू. माझं अक्षर चांगलं आहे."

तेव्हा ते हसले. संध्याकाळच्या गाडीने जाताना त्यांनी होकार दिला.

वर्गाला जागा अप्पांनी मिळवून दिली. त्यांच्या ओळखीच्या एका कारखानदाराची सूत ठेवायची शेड रिकामी होती, वस्ती आणि पेठा या दोन्हींपासून सारख्याच अंतरावर. चिठ्ठ्यांच्या दिवशी तिथे सतरंज्या घातल्या. एका बाजूला पेठेतल्या बायका, एका बाजूला वस्तीतल्या. बाईंनी सगळं मराठीत सांगितलं, मी कन्नडमध्ये, आणि विड्या वळणाऱ्या बायकांपैकी एकीने तेलुगूत. पेठेतली एक कारकुनाची बायको उठून म्हणाली की आम्हाला आधी वेगळं सांगितलं होतं, माझी मुलगी पाच वर्षांची होईल, तिला थांबायला वेळ नाही.  बाईंनी तिची माफी मागितली. म्हणाल्या, शब्द आम्ही मोडतोय हे खरं आहे. पण तुमच्या मुलीला वेळ नाही तसा कुणाच्याच मुलाला नाही, इकडे बघा. ती बाई वस्तीकडच्या सतरंजीकडे बघत राहिली आणि मग खाली बसली.

तिच्या मुलीची चिठ्ठी निघाली. बिरूची निघाली नाही.

मी मनात धरून बसले होते की बाई काही तरी करतील. ज्या आईमुळे हे सगळं उभं राहिलं तिचंच मूल मागे राहावं, हे मला पटत नव्हतं. बाईंनी मडकं उलटं करून उरलेल्या चिठ्ठ्या सगळ्यांना दाखवल्या आणि काही केलं नाही. नंतर त्या हौसाबाईजवळ जाऊन बसल्या. हौसाबाईने बिरूला मांडीवर घट्ट धरलं होतं. ती म्हणाली, "समद्यांसमोर निगाली न्हवं? मंग हाय ते हाय."

पण मन तिचं मानत नव्हतं. वर्ग सुरू झाल्यावर पाळी सुटली की ती बिरूला घेऊन शेडच्या दारात येऊन उभी राहायची. आत मुलं मातीचे गोळे करायची, दोरीवर चालायची, टाळ्यांवर नावं म्हणायची. बिरू दारातून हात पुढे करायचा. एक दिवस बाई बाहेर गेल्या. मी खिडकीतून ऐकत होते. त्या म्हणाल्या की तो आत बसला तर मला आनंदच होईल. पण मग वर्गाने फरक पडतो की नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि हा वर्ग पुढे चालू ठेवा असं मला कुणाला सांगता येणार नाही. ठरव तू. मी दार लावणार नाही.

हौसाबाईने बिरूचा पुढे केलेला हात धरला. मग म्हणाली, "सा म्हयनं, बाई. एक दिस जास्ती थांबनार न्हाय." आणि बिरूला कडेवर घेऊन गेली. ते सहा महिने ती दारात आली नाही.

मुदत संपली त्या सकाळी बाई अंघोळ करून, इस्त्रीचं पातळ नेसून, छत्री घेऊन एकट्याच वस्तीत गेल्या. परत आल्या तेव्हा छत्री बिरूच्या डोक्यावर होती आणि हौसाबाई मागून पळत येत होती, कारण बाईंची चाल तिला झेपत नव्हती.

बिरूचं काय झालं असं लोक विचारतात. चमत्कार काही झाला नाही. तो शाळेत गेला नाही. पण वर्गाच्या तिसऱ्या महिन्यात त्याने दोन्ही हातांनी पेला धरून पाणी प्यायलं, सगळं, न सांडता. पुढे तो 'आय' म्हणायला लागला, 'ये' म्हणायला लागला, आणि सुताच्या कांड्या रंगाप्रमाणे वेगळ्या करायला लागला. हौसाबाई त्याला शेजारपाजारच्या घरी नेऊन पाणी पिऊन दाखवायला लावायची. बिचाऱ्याचं पोट टम्म व्हायचं.

अहवाल तयार झाला तेव्हा बाईंनी ठरवलं की पुण्याला पाठवायच्या आधी तो शेडमध्ये वाचायचा. पेठेतल्या आणि वस्तीतल्या सगळ्या बायका बोलावल्या. पुन्हा तीन भाषा. कंटाळवाणा होता तो, खरं सांगायचं तर. काही बायका डुलक्या घेत होत्या. मग एक वाक्य आलं, पुण्याने आधीच छापून पाठवलेल्या मजकुरातलं: वस्तीतल्या माता मुलांशी खेळत नाहीत असे दिसून येते. मी ते कन्नडमध्ये सांगायच्या आतच हौसाबाई बोलली. "तुमी आला की आमी खेळ सोडून तुमच्याम्होरं बसतो. पावन्यासमोर कोन पोरासंगं खेळतंय? तुमाला दिसनार कसं?"

शेडमध्ये हशा पिकला. पेठेतल्या बायका सगळ्यांत जास्त हसल्या, कारण त्याही तसंच करायच्या. बाईंनी तिथल्या तिथे वाक्य खोडलं. त्या जागी त्यांनी लिहिलं की अभ्यासक समोर असताना माता मुलांशी खेळत नाहीत, आणि याचा दोष अभ्यासकाकडे जातो. लिहिताना त्यांचा चेहरा असा खुलला होता, जणू कुणी त्यांना बक्षीस दिलंय. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांच्यासमोरच बाईंना लिहिताना मी पहिल्यांदाच बघितलं.

फरक दिसला की नाही? थोडा दिसला. बाईंनी 'थोडा' असंच लिहिलं. सरांनी ते तसंच छापलं आणि वर्ग चालू ठेवायला परवानगी दिली. बाई आणखी दीड वर्ष राहिल्या, मग थकलेल्या बहिणीजवळ धारवाडला गेल्या. शेडमधला वर्ग मी पुढे बरीच वर्षं चालवला. माझं लग्न झालं, मुलं झाली, शेड बदलली, तरी तो चालू होता. चिठ्ठ्यांची मात्र पुढे गरज पडली नाही. येईल त्याला आम्ही घ्यायचो.

बऱ्याच वर्षांनी मला धारवाडला जायचं होतं. हौसाबाईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बिरूला न्या. मला पाळी सोडता येत न्हाय." बिरू आता दाढीमिशा आलेला, टॉवेलांच्या घड्या घालायच्या कामावर जाणारा. बोलायचा थोडंच. आईने दिलेलं फडकं मांडीवर ठेवून तो रेल्वेत खिडकीशी बसून होता.

बाई ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. माझी ओळख पटायला त्यांना वेळ लागला, बिरूची लगेच पटली. त्याचे दोन्ही हात त्यांनी हातात घेऊन उलटेसुलटे करून बघितले. बिरूने फडकं सोडलं. आत कडक भाकऱ्या होत्या, हौसाबाईने रात्री भाजलेल्या. त्याने एक बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती तोंडाजवळ नेली आणि हसून तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता.

मी काही सुचवायच्या आत बिरू उठून आत गेला. बाईंच्या बहिणीकडून त्याने हातवाऱ्यांनी वाडगा आणि दूध मागून घेतलं. ओसरीवर मांडी घालून बसला. भाकरी त्याने दोन्ही हातांनी मोडली, बारीक कुस्करली, वरून दूध ओतलं. ती भिजेपर्यंत तो वाडग्याकडे बघत थांबला. मधेच बोटाने दाबून बघितलं, अजून कडक होती, पुन्हा थांबला. बाईही थांबल्या.  मग त्याने पहिला घास उचलला, त्यांच्या ओठांशी नेला आणि म्हणाला, "घे."

बाईंनी तो खाल्ला. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला त्यांनी त्याचा हात धरून थांबवलं आणि म्हणाल्या, "दूध घाल अजून. अर्धी तू खायचीस."